पाद्रीकाकांची फौज

सासूबाईंना मी सांगितलं, की चर्चमध्येही शेवटी प्रसाद असतो.

एवढंच. हॅनोव्हरच्या आमच्या स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता, काहीही विचार न करता मी हे वाक्य बोललो आणि त्यामुळे एका इंग्लिश पाद्र्याची नोकरी गेली. मधल्या पायऱ्या आहेत, त्या सांगतो. पण सुरुवात त्या वाक्यापासून झाली आणि ते वाक्य माझं होतं, यावर आमच्या घरात एकमत आहे.

पाद्रीकाका आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. 'काका' हे सासूबाईंनी दिलेलं. मी पहिल्या दिवशी पत्रपेट्यांपाशी त्यांना 'फादर' म्हणालो होतो. त्यांनी माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. "मी कुणाचाही फादर नाही," ते म्हणाले. "लग्नच केलेलं नाही. मिस्टर पुरे." मी माफी मागितली. ते म्हणाले, "माफ करणं हे माझं कामच आहे, पण ते रविवारी."

उंच, किंचित वाकलेले. आयुष्यभर तंबूंच्या दारातून आत-बाहेर करून तो वाक आलेला. बारा महिने एकच राखाडी स्वेटर, वर गळ्याला पाद्र्याची पांढरी पट्टी, आणि पँटच्या पायांना सायकलवाले लावतात तशा क्लिपा. सायकल नव्हती. ती स्टेशनबाहेरून कधीच चोरीला गेली होती. क्लिपा का लावता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "चोराने सायकल नेली. सवय नेली नाही."

त्यांचं जर्मन ही एक स्वतंत्र चीज होती. ते जर्मन शिकले होते बायबल वाचून, तेही जुन्यातलं जुनं बायबल. त्यामुळे बेकरीत गेले की ते जे बोलायचे त्याचं मराठी साधारण असं व्हावं : "हे स्त्रिये, मी तुला खचीत सांगतो, मला चार पाव दे. आणि ज्यांवर खसखस आहे ते दे, कारण ते मला प्रिय आहेत." बेकरीवाली शांतपणे "गेर्ने", म्हणजे आनंदाने, म्हणायची आणि पाव पिशवीत टाकायची. मागे रांगेत एक म्हातारी असायची, ती दर वेळी "आमेन" म्हणायची. हसण्याचा मला काही अधिकार नव्हता. मी पंप बनवणाऱ्या कंपनीत होतो आणि माझं जर्मन 'व्हॉल्व्ह गळतोय' आणि 'व्हॉल्व्ह गळत नाहीये' या दोन वाक्यांत संपायचं. बेकरीत दोन्ही कामाची नव्हती.

आमची मैत्री जिन्यात झाली. आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी असायची. माझ्या पाळीच्या आठवड्यात मी शनिवारी संध्याकाळी झाडू घेऊन बाहेर आलो की जिना आधीच स्वच्छ असायचा. काकांनी झाडलेला. मी ओशाळून म्हणालो, "अहो, माझी पाळी होती." ते म्हणाले, "मला माहीत आहे. मी वाट पाहिली." हे ते रागाने म्हणाले नव्हते. ते काहीच रागाने म्हणत नसत. त्यामुळेच जास्त लागायचं.

ते लष्करातले पाद्री. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या एका सपाट, चिखलाच्या गावात जन्मले, कॉलेजात गणित शिकले, मग धर्मशास्त्र. गणित का सोडलं विचारलं तर म्हणायचे, "त्यात उत्तर चुकलं की लगेच कळतं." मग ब्रिटिश सैन्याबरोबर जर्मनीत आले. तेव्हा हॅनोव्हरच्या आसपास ब्रिटिशांच्या छावण्याच छावण्या होत्या. सैनिकांची लग्नं लावणं, बारशी करणं, आणि रात्री दारू पिऊन रडणाऱ्या पोरांपाशी बसणं हे त्यांचं काम. हळूहळू पलटणी कमी झाल्या. काका निवृत्त झाले आणि परत न जाता इथेच शहरातल्या चिमुकल्या इंग्लिश चर्चचं काम बघायला लागले. घर त्या चर्चनेच घेऊन दिलेलं. काम असेपर्यंत घर.

लष्करातली त्यांची एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. उत्तरेकडच्या माळरानावर युद्धसराव चालू होता. पहाटे गच्च धुकं. रविवार होता म्हणून काका प्रार्थनेचं सामान घेऊन आपल्या तुकडीच्या तंबूंकडे निघाले. तंबू दिसले, आत शिरले, माणसं बसलेली होती, यांनी प्रार्थना सुरू केली. स्तोत्र झालं, उपदेश झाला, आशीर्वाद झाला. धुकं विरलं तेव्हा कळलं, की ही जर्मन सैनिकांची तुकडी आहे. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. नाश्त्याला बसले होते.

"मग ते उठून गेले नाहीत?" मी विचारायचो. दर वेळी विचारावंच लागायचं.

"नाही. जर्मन आहेत. एकदा सुरू झालं म्हणजे संपेपर्यंत बसायचं." मग चहाचा घोट. "माझ्या आयुष्यातली सर्वोत्तम मंडळी. कुणालाही काहीही समजलं नाही आणि कुणीही उठलं नाही."

शहरातलं त्यांचं चर्च उधारीचं होतं. म्हणजे चर्च जर्मन लोकांचं. सकाळी त्यांची प्रार्थना व्हायची, दुपारी चारला यांची. यांच्या प्रार्थनेला माणसं अगदी मोजकी. एका ब्रिटिश सार्जंटची विधवा, दोन-तीन आफ्रिकी विद्यार्थी, एक घानाची नर्स, आणि निवृत्त झालेल्या एक जर्मन शाळामास्तरीण. या बाईंनी हयातभर इंग्रजी शिकवलं होतं आणि त्या केवळ चांगलं इंग्रजी ऐकायला यायच्या. देवाशी आपलं काही विशेष नाही, असं त्या चर्चच्या दारातच स्पष्ट सांगायच्या. काका म्हणायचे, "चालेल."

हा शब्द त्यांनी माझ्याकडून उचलला होता. मी फोनवर दिवसभर 'चालेल, चालेल' करतो ते जिन्यातून त्यांच्या कानावर पडायचं. एकदा अर्थ विचारला. मी समजावून सांगितला. ते म्हणाले, "तुमच्याकडे हा शब्द असताना एवढे देव कशाला लागतात?"

उपदेशाला उभे राहिले की ते समोर कोंबडीच्या आकाराचं घड्याळ ठेवायचे. अंडी उकडताना लावतात ते. घड्याळ वाजलं की उपदेश संपला, मग वाक्य कुठेही असो. "आणि तेव्हा प्रभू त्या माणसाकडे वळून म्हणाला, की..." टिर्रर्र. "आमेन." उरलेलं वाक्य पुढच्या रविवारी. शाळामास्तरीण बाई एकदा रस्त्यात भेटल्या तेव्हा चिडून म्हणाल्या, की त्या मधल्या आठवड्यात आजारी होत्या आणि आता प्रभू काय म्हणाला ते त्यांना कधीच कळणार नाही.

धर्मप्रसाराचा त्यांना तिटकारा होता. आमच्यासारख्यांना तर ते चर्चला बोलवायचेच नाहीत. "लोकांचा विश्वास त्यांच्यापाशी," म्हणायचे. "माझ्याकडे खुर्च्या आहेत." आणि खरंच, त्यांचा जीव खुर्च्यांत होता. दुसऱ्याची जागा, म्हणून प्रार्थना झाली की प्रत्येक खुर्ची होती तिथे परत गेली पाहिजे. ते गुडघ्यांवर बसून ओळ डोळ्यांनी तपासायचे. आमच्या मराठी मंडळाला गणपतीसाठी हॉल मिळत नव्हता, तेव्हा त्याच चर्चमागचा हॉल काकांनी शब्द टाकून मिळवून दिला. मूर्ती आली तेव्हा ते पुढे झाले, विचारलं, "यांचं तोंड कुठे हवं?" मग चारी बाजूंनी पाहून म्हणाले, "डावीकडे थोडे सरकवा. यांना खिडकीचा त्रास होईल." तेव्हापासून दरवर्षी गणपती डावीकडे थोडा सरकवून बसतो. कारण आता कुणाला आठवत नाही, पण प्रथा आहे.

तर त्या उन्हाळ्यात काकांच्या वरचे साहेब तपासणीला येणार असं कळलं. त्यांना आर्चडीकन म्हणतात, आपल्याकडचा प्रांताधिकारी समजा. हॅनोव्हरची इंग्लिश प्रार्थना चालू ठेवायची की बंद करायची, हे ते ठरवणार होते. बंद झाली तर काम गेलं, काम गेलं तर घर गेलं, आणि मग इंग्लंडात बहिणीकडे.

"बहीण सांभाळेल म्हणाली," काका जिन्यात म्हणाले. "हे ती धमकीच्या सुरात म्हणते."

"पण ते ठरवतात कसं?"

"येतात, बसतात आणि डोकी बघतात."

मी इंजिनियर माणूस. कुठे काय कमी पडतंय ते शोधायचं आणि तिथे ते पुरवायचं, हे माझं शिक्षण. डोकी कमी आहेत. डोकी आणावीत. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असावं, कारण काका म्हणाले, "कृपा करून तुम्ही काहीही करू नका." मी मान डोलावली. मीटिंगमध्ये डोलावतो तशी.

मंडळाच्या सेक्रेटरीला फोन केला. "अरे, पाद्रीकाकांचं अडलंय?" तो म्हणाला. "आल्झो, तर मग विषयच संपला! अख्खं मंडळ आणतो." आणि त्याच संध्याकाळी कांदा चिरताना सासूबाईंनी विचारलं, "अहो जावईबापू, तिथे शेवटी काय असतं?" तेव्हा मी ते वाक्य बोललो. सासूबाईंनी ते मंडळातल्या बायकांना सांगितलं. बायकांनी नवऱ्यांना सांगितलं.

वास्तविक काकांनी मला हा विधी एकदा नीट समजावला होता. ती पातळ पांढरी चकती बाप्तिस्मा झालेल्यांनाच देतात. बाकीच्यांनी पुढे यावं, हात छातीवर दुमडावेत, पाद्री डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो. आणि चकती तिथल्या तिथे खायची, बाहेर न्यायची नाही. उरलीच तर पाद्र्याने स्वतः संपवायची. मी तेव्हाही मान डोलावली होती.

रविवार उजाडला. लख्ख ऊन. चारची प्रार्थना म्हणून मंडळ साडेचारला येऊ लागलं आणि येतच राहिलं. हॅनोव्हरचे आले, जवळच्या ब्राउनश्वाइग शहरातले विद्यार्थी आले, कुणाचे तरी आई-वडील आदल्याच दिवशी पुण्याहून उतरले होते, तेही आले. सगळ्यांनी दाराबाहेर चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. देवाच्या घरात शिरायचं म्हणजे काढायच्याच. पायऱ्या दिसेनाशा झाल्या. आर्चडीकनसाहेबांची गाडी उशिरा आली, म्हणून प्रार्थना खोळंबली होती. ते टॅक्सीतून उतरले, त्या ढिगाकडे पाहिलं, जरा विचार केला, आणि खाली बसून त्यांनी आपलेही बूट काढले. त्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

काका वेदीपाशी आले आणि थांबले. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, भिंतीशी माणसं उभी. त्यांनी एकेका ओळीवरून नजर फिरवली. ती माझ्यापाशी आली, तिथे थोडी थांबली आणि पुढे गेली. मग त्यांनी प्रार्थना सुरू केली.

आमचे लोक अप्रतिम वागले. उभं राहायचं तेव्हा उभे राहिले, कुणी चुकून आधी उभं राहिलं तर सगळेच आधी उभे राहिले. कोंबडी वाजली, उपदेश वाक्याच्या मधोमध थांबला, आणि अख्ख्या मंडळाने टाळ्या वाजवल्या. मग रांग लागली. रांगेत पहिल्या सासूबाई. त्यांनी आपण प्रसाद घेताना नेहमी धरतो तसे हात धरले : उजवा वर, डावा खाली, ओंजळ थोडी पुढे, मान खाली. काकांनी मला नंतर सांगितलं, की त्यांच्या पुस्तकात हात असेच धरायला सांगितलेत आणि एवढे व्यवस्थित धरलेले त्यांनी आयुष्यात पाहिले नव्हते. काकांचा हात आपोआप पुढे झाला. चकती सासूबाईंच्या तळव्यावर पडली.

सासूबाईंनी ती कपाळाला लावली. रुमाल काढला, त्यात ती बांधली, रुमाल पर्समध्ये ठेवला आणि पुन्हा हात पुढे केला. "घरच्यांसाठी," त्या मराठीत म्हणाल्या. माझी बायको आणि मुलगी घरी होत्या. मुलीला थोडा ताप होता.

काकांनी मान वर करून मला शोधलं. मी खांबामागे होतो.

दुसऱ्या माणसापासून त्यांनी फक्त डोक्यावर हात ठेवायला सुरुवात केली. रांगेत कुजबुज झाली. "संपला वाटतं," कुणीतरी म्हणालं. "एवढी माणसं येणार माहीत असताना जास्त करायला नको?" सेक्रेटरी मागे वळून म्हणाला, "आता आहे त्यात भागवा, कुणी काही बोलू नका."

प्रार्थना संपताच काका माझ्याकडे आले. "तुमच्या सासूबाई कुठे आहेत?"

"गेल्या. नातीला ताप आहे ना. प्रसाद घेऊन लगेच ट्रामने."

"ते त्यांच्याकडे आहे?"

"पर्समध्ये."

आर्चडीकनसाहेब मोज्यांवर उभे होते, बोलणी करायची म्हणून. हीच ती बोलणी, ज्यांच्यावर सगळं अवलंबून होतं. मी म्हणालो, "तुम्ही थांबा, मी जाऊन घेऊन येतो." काका म्हणाले, "तुम्ही आज पुरेसं आणलंत." आणि पांढऱ्या झग्यासकट ते ट्रामच्या थांब्याकडे धावले. मी मागून धावलो; क्लिपा झग्याखालून दिसत होत्या.

ट्राममध्ये तपासनीस आला. झग्याला खिसा नव्हता, काकांकडे तिकीट नव्हतं. रविवारी माझ्या पासावर आणखी एकाला नेता यायचं. तपासनीसाने पास बघितला, काकांना खालून वर बघितलं आणि मला विचारलं, "हे तुमच्याबरोबर आहेत?" मी म्हणालो, "या, गेनाऊ," म्हणजे हो, बरोबर. काका खिडकीबाहेर बघत होते.

दार बायकोने उघडलं. तिच्यामागून मुलगी डोकावली, झगा बघून ओरडली, "आई, आइन श्नेमान!" बर्फाचा माणूस म्हणे. सासूबाई आतून आल्या. "या, या, पाद्रीकाका! अहो जावईबापू, त्यांना ते अंगावरचं काढून ठेवायला सांगा, शिऱ्याचे डाग पडतील."

चकती देव्हाऱ्यात होती. देव्हारा म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटाचा वरचा कप्पा. अन्नपूर्णेसमोर ताटली, ताटलीत चकती, वर तुळशीचं पान. उदबत्ती लावलेली. काका त्या कप्प्यासमोर उभे राहिले.

"त्यांनी हे देवांना दाखवलं?"

"हो," मी म्हणालो.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

काकांनी अन्नपूर्णा, बाळकृष्ण, गणपती यांच्याकडे क्रमाने पाहिलं, परेड तपासावी तसं. "त्यांची काही हरकत?"

मी भाषांतर केलं. सासूबाई म्हणाल्या, "त्यांची कसली हरकत? पाहुण्यांकडून आलंय."

मग मी चाचरत सांगितलं, की काकांना ते परत हवंय. सासूबाईंचा चेहरा बदलला. "दिलेला प्रसाद परत मागतात? हे कुठलं? आणि मी पोरीला देणार होते, तिला बरं वाटावं म्हणून." त्यांनी मुलीला हाक मारली. काकांना शब्द कळत नव्हते, पण त्यांनी डोळे मिटून घेतले. मुलीने ताटलीकडे पाहिलं, "नाइन, डांके," म्हणजे नको, थँक्यू, म्हणाली आणि कार्टून बघायला निघून गेली.

काकांनी डोळे उघडले. "त्यांना सांगा, मी परत मागत नाही. मी दारात आलेला माणूस आहे. मला प्रसाद हवा आहे."

हे सांगितल्यावर सासूबाई एकदम मऊ झाल्या. "मग असं म्हणा की!" त्यांनी हात धुतले, ताटली उचलली. काकांनी उजवा हात वर, डावा खाली असे हात पुढे केले. सासूबाईंनी चकती त्यांच्या तळव्यावर ठेवली. काकांनी ती तुळशीच्या पानासकट खाल्ली. बराच वेळ मान खाली होती. मग म्हणाले, "चालेल." मराठीत.

सासूबाईंनी शिरा दिला. नुसत्या प्रसादावर कुणाला पाठवत नाहीत. दुसऱ्यांदाही वाढला.

आम्ही परतलो तेव्हा चर्चमध्ये फक्त शाळामास्तरीण बाई खुर्च्या लावत होत्या. आर्चडीकनसाहेबांची परतीची रेल्वेगाडी होती, ते गेले होते. "पण तुमच्या त्या सेक्रेटरींनी त्यांना छान सोबत केली," बाई म्हणाल्या. "व्याकरण वाईट, पण उत्साह फार." सेक्रेटरीने सांगितलं होतं, की आज तर निम्मेच आलेत. सप्टेंबरमध्ये या, मग बघा, उभं राहायला जागा नसते. दरवर्षी वाढतायत. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. फक्त तो गणपतीबद्दल बोलत होता.

काकांनी दुसऱ्याच दिवशी फोन करून साहेबांना खरं ते सांगितलं. ही सगळी हिंदू माणसं, शेजाऱ्याने आणलेली. साहेबांना ते आणखीच आवडलं. बाहेरचे लोकही ओढले जातायत, म्हणजे मंडळी वाढणारच, असं त्यांचं म्हणणं.

प्रार्थना चालू राहिली. एवढी वाढती मंडळी एका थकलेल्या माणसावर टाकणं बरं नव्हे, म्हणून तिथे एक तरुण पाद्री नेमला गेला. त्याच्याकडे गिटार होती, प्रोजेक्टर होता. काकांचे मनापासून आभार मानण्यात आले आणि घर महिन्याअखेर रिकामं करायला सांगितलं. मी साहेबांना फोन करतो, मंडळाची शिष्टाई नेतो, असं बरंच काही म्हणालो. काका म्हणाले, "नको. तुम्ही मदत करता तेव्हा फार माणसं येतात."

शेवटच्या आठवड्यात जिना झाडायची पाळी त्यांची होती. मी शुक्रवारीच झाडून ठेवला. ते बाहेर आले, बघितला, आणि पुन्हा झाडला.

स्टेशनवर आम्ही सगळे गेलो. दोन बॅगा, एक छत्री. कोंबडी त्यांनी नव्या पाद्र्याला दिली होती. त्याने आभार मानून विचारलं म्हणे, की हे लावून अंडी किती वेळ उकडायची. गाडी लागली तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी पर्समधून तोच रुमाल काढला, गाठ मारलेला. आत बेसनाचे लाडू. "बहिणीसाठी," त्या म्हणाल्या. "घरच्यांसाठी न्यायचं असतं." मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण काकांनी केव्हाच हात पुढे केले होते. उजवा वर, डावा खाली.

मला राहवेना. मी म्हणालो, "माझं चुकलं. पण तुम्हीच सांगायचात ना, ती माळरानावरची मंडळी. कुणालाही काही समजलं नाही आणि कुणीही उठलं नाही. त्या दिवशी अगदी तसंच झालं होतं."

काका डब्याच्या पायरीवर चढले, वळले, आणि नेहमीच्याच, बिनरागाच्या आवाजात म्हणाले, "मी चुकीच्या फौजेत शिरलो तेव्हा धुकं होतं. तुम्ही ती लख्ख उजेडात घेऊन आलात."